नानांचं स्टिअरिंग आणि उलट्या तारा

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मला आधी वायरिंग तपासावंसं वाटतं. सवयच आहे – नंदुरबारला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते मी. म्हणून हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय... पण घडलं ते घडलं.

आम्ही रनाळ्याचे. घरची शेती होतीच, पण माझ्या वडिलांचा, नानांचा, जीव गाडीत. हंगामात उसाचा ट्रक घेऊन ते पुरुषोत्तमनगरला कारखान्यावर जायचे. मागच्या वर्षी लकव्याचा झटका आला आणि डावा हात गेला. डॉक्टर म्हणाले, आत्ताच व्यायाम केला तर हात परत येईल, नाहीतर विसरा. दाबायला रबरी चेंडू दिला. नानांनी तो अंगणात भिरकावला. "मी काय धाकला पोऱ्या शे का?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले, ते पडलेच. मला हातापेक्षा त्या पाठ फिरवण्याचीच भीती वाटायची.

ट्रक भंगारात दिला तेव्हा नानांनी त्याचं स्टिअरिंग ठेवून घेतलं होतं. निदान त्या निमित्ताने हात हलेल म्हणून मी ते लाकडी पाटावर बेअरिंग लावून बसवलं. रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसला पॉट खालून जोडला, पॉट एका छोट्या बोर्डाला आणि बोर्ड कॉम्प्युटरला. झालं – गाड्या पळवायच्या गेमसाठी घरगुती स्टिअरिंग तयार!

पण घोळ झाला. पाट उलटा करून सोल्डरिंग केलं आणि खालून बघताना डावं-उजवं विसरून पॉटच्या दोन तारा उलट्या जोडल्या. चुलतभाऊ गोपाळने चाक डावीकडे वळवलं तर गाडी उजवीकडच्या कठड्यावर. "ताई, पोरेसले हाईच शिकाडस का?" म्हणून खदाखदा हसला. मी फिरवून पाहिलं, तेच. विद्यार्थ्याने केलं असतं तर सोलूनच काढलं असतं त्याला.

तारा सुलट जोडायच्या म्हणून सोल्डरिंग आयर्न आणायला आत गेले. परत येते तर खुर्चीत नाना! जुनं चाक दिसलं म्हणून आपणहून उठून आले होते. चाकाला हात लावून तो कपाळाला लावला, ट्रकमध्ये बसताना लावायचे तसा. मग उजव्या हाताने डावा उचलून चाकावर ठेवला आणि निघाले. डावीकडे वळवलं, गाडी डावीकडे. उजवीकडे वळवलं, उजवीकडे. अख्खा घाट उतरले, गाडीला ओरखडा नाही.

गोपाळचं हसू गेलं. मी बसले – कठड्यावर. नाना बसले – रस्त्यावर. पाट उलटून पाहिला, तारा उलट्याच. शेवटी चाक फिरेल तसे बदलणारे पॉटचे आकडे स्क्रीनवर लावले. डावीकडे फिरवताना माझ्या हाती वाढणारे आकडे नानांच्या हाती कमी होत होते. एकच पॉट असा वागू शकत नाही हो...

दुसऱ्या दिवशी नाना आंघोळीला गेल्यावर तारा सुलट केल्या. मी आणि गोपाळ, दोघांच्याही हातात गाडी शहाण्यासारखी चालली. नाना बसले आणि पहिल्याच वळणाला धडकले. परत डावीकडे फिरवलं तर परत उजवीकडे.

"मन्ही गाडीले कोनी हात लावा?"

एवढंच बोलले. डावा हात छातीशी धरून खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला रडूच आलं. तिथल्या तिथे तारा पुन्हा उलट्या केल्या आणि हातापाया पडून त्यांना खुर्चीत बसवलं. गाडी निघाली, सरळ.

आता चहा झाला की ते रोज 'गाडी काढतात'. आधी डाव्या हाताची बोटं चाकावर नुसती पडून असायची, मग वळणावर आवळायला लागली. माझ्याबरोबर शिकवणारे एक सर म्हणाले, तुमची मोजण्यात चूक झाली असेल. असेलही. मला अजून ती सापडलेली नाही.

परवा जेवताना नानांनी डाव्या हाताने तांब्या उचलला आणि आपल्या पेल्यात पाणी ओतलं. थोडं सांडलं. मी जेवण झाल्यावर उठले आणि घरातलं सोल्डरिंग आयर्न आयटीआयला न्यायच्या पिशवीत टाकलं.