ते फुगलं, ते फुगले

आमच्या घरी गाडीच्या आधी गॅरेज आलं, आणि गाडी काही आलीच नाही. उमरखेडच्या नव्या ले-आऊटमध्ये घरं उठत होती तेव्हा कुणी अंगणात पेरू लावला, कुणी रस्त्याच्या बाजूला दुकानाचा गाळा काढला. आमच्या बाबांनी गॅरेज काढलं. कचेरीत कारकून असलेला, सायकलवर डबा लटकवून जाणारा माणूस, आणि घराला गॅरेज! पत्ता सांगताना लोक "बिनगाडीचे गॅरेजवाले" असं सांगायचे आणि पोस्टमन बरोबर आमच्याच फाटकाशी येऊन उभा राहायचा.

दार मात्र बघत राहावं असं होतं. दोन झडपांचं, जाड सागवानी, पितळी कडीचं. घराच्या पुढच्या दाराला साधं आडजात लाकूड आणि गॅरेजला सागवान, हे आईला कधीच पटलं नाही. बाबांचं म्हणणं, दार चांगलं असलं की गाडी आपोआप येते. शेतातला बाबांचा हिस्सा मोठेबाबा, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, कसत होते. एखादं कापसाचं वर्ष चांगलं गेलं की त्यातून गाडी घ्यायची, असं बाबांच्या डोक्यात पक्कं होतं. पण ती वर्षं कापसाची नव्हतीच. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात यायचं ते वाचवत नसे. बाबा ते पान दुमडून ठेवायचे आणि दाराकडे जायचे.

दाराचं करायला काम भरपूर होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाकूड असं आटतं की झडपांमधल्या फटीतून आतलं सगळं दिसावं, आणि पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, काडीपेटी पेटता पेटत नाही. त्यात आमचा ले-आऊट दोन-चार वर्षांपूर्वीपर्यंत कपाशीचं वावर होता. ती काळी माती पाणी पिऊन वर येते आणि चौकटीसुद्धा वाकड्या करते. बाबांनी या सगळ्याशी रीतसर लढा मांडला होता. दारावर पत्र्याची झालर, खालून शिंतोडे उडू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, रोज संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसणं, आणि हवा खेळावी म्हणून काही काम नसताना दार उघडून ठेवणं. मृगाच्या आधी जवसाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळून दाराला पाजायचं. तेल लाकडी घाण्याचंच लागे.

"भाजीले थेंब थेंब घालाचं अन् दाराले वाट्या वाट्या पाजाचं," आई म्हणायची. "सवत आणली असती तं तिनं एवढं खाल्लं नसतं."

सवतीचं नाव कुणी घेतं का? आईनंही घेतलं नाही. तिच्या बोलण्यात गॅरेजचं दार म्हणजे "ते". आता अडचण अशी, की जुन्या वळणाच्या बायकांप्रमाणे ती बाबांचंही नाव घेत नसे. बाबासुद्धा "ते". म्हणजे घरात दोन "ते" होते. एक कचेरीत जायचे आणि एक जागचं हलायचं नाही. "ते आले", "ते पुसून झालं", एवढ्याशा फरकावर आमचा संसार बिनबोभाट चालला होता. मला त्याचं हसू यायचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळ्याचंच हसू यायचं.

मग एका वर्षी गॅरेज खरोखर भरलं. कापसाला भाव नव्हता, पुढे चढेल या आशेवर लोकांनी माल घरातच ठेवला होता. आमच्या नातेवाइकांकडे तर पलंगाखाली, देवघरात, जिथं जागा मिळेल तिथं कापूस. मुलांच्या अंगाला त्याची खाज सुटायची. मोठेबाबांच्या गावातल्या घराचं छप्पर गळकं होतं, म्हणून त्यांचा कापूस आमच्या गॅरेजात आला. मेटॅडोर मागे लावून माणसांनी पायांनी दाबून दाबून भरला, थेट दाराला टेकेपर्यंत. बाबा हौसेनं म्हणाले, "दादा, बिनघोर राहा. हे दार हाय तवर थेंब आत जात नाही."

भाव काही चढला नाही. पाऊस मात्र आला, आणि असा लागला की उघाड म्हणून नाही. कापूस आत असल्यामुळे दार उघडून हवा देणं बंद झालं होतं. एका सकाळी बाबांनी कडी काढली, झडप ओढली, तर ती जागची हलेना. त्यांनी ओढलं, मी ओढलं, शेजाऱ्यांनी ओढलं. आईनं तर राग काढायला एक लाथही मारली. दार ढिम्म. आत मोठेबाबांचं अख्खं वर्ष कोंडलेलं, आणि ओल लागून कापूस पिवळा पडतोय की काय, ते कळायला मार्ग नाही. बाबांनी रंधा मारायलाही नकार दिला. भर पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तासलं की उन्हाळ्यात बोटभर फट पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं, पण त्या क्षणी मला ते शुद्ध हट्टीपणाचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेल्यावर आईनं मोठेबाबांच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि मोठीआईला, म्हणजे तिच्या मोठ्या जावेला, फोनवर बोलावून घेतलं. लाइन अशी खरखरत होती की आई अंगणापर्यंत ऐकू जाईल असं ओरडत होती. मी शेजारीच होते. ती म्हणाली ते असं:

"अवो बाई, ते फुगलं! दोन दिवस झाले. कोणाचंच ऐकत नाही. त्या कापसापायीच फुगलं असन. समद्यायनं धक्के मारले, मी तं लाथ बी मारली. भाऊजीले सांगून ठेवा."

खरखरीत शेवटचा स्वर कुठं गेला देव जाणे. मोठीआईला ऐकू आलं, "ते फुगले."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठेबाबा एस.टी.नं आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत तिळाच्या करंज्या. जुलै महिन्यात करंज्या! बाबा लहानपणी रुसले की त्यांना करंजी देऊन उठवायचे, हे मला नंतर कळलं. मोठेबाबा ओसरीवर खुर्चीच्या अगदी कडेला बसले. आईकडे त्यांनी असं काही चोरून पाहिलं की जणू ती आपल्यालाही लाथ मारेल.

बाबा कचेरीतून आले तसे मोठेबाबा उठून उभे राहिले.

"मी मेटॅडोर सांगून आलो," ते म्हणाले. "तुमचं गॅरेज आजच खाली करून देतो."

"तुमचं" ऐकून बाबा चपापले. मोठ्या भावानं त्यांना जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. "दादा, पावसात? सारा कापूस भिजन न!"

"भिजला तं भिजू दे. पण तू असा फुगून नको राहू, लहान्या."

"मी फुगलो? कोण म्हणते?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईनं पदर सावरला, भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायचं नाही हा नियम बाजूला ठेवला आणि ठणकावून सांगितलं, "मी दाराचं सांगतलं होतं!"

मी हसायला लागले ती थांबेचना. आई हसली. पण मोठेबाबा हसले नाहीत. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि पिशवीशी चाळा करत राहिले.

"मले तं खरंच वाटलं," ते म्हणाले. "माह्या मनात होतंच. एवढं गॅरेज बांधून बसला अन् मी दर वर्साले सांगतो, पुढच्या वर्सी पाहू. तुयी गाडी माह्या कापसानं खाल्ली, लहान्या. वावरात गेलो की हेच डोक्यात राह्यते."

बाबांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "गाडी आली असती तं चालवली कोणं असती? मले कुठं येते चालवता!"

हे मात्र आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आई तर कपाळाला हात लावून मटकन खालीच बसली. एवढं सागवान, एवढं तेल, आणि ह्यांना गाडी चालवता येत नाही! आता मोठेबाबा हसले, ठसका लागेपर्यंत हसले.

आणि तेव्हा बाबा खरोखर फुगले. भावानं आपल्याला इतकं हलकं समजावं, गाडीसाठी रुसणारा समजावं, याचा त्यांना मनापासून राग आला. ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. चहा नको, भजी नकोत. मोठेबाबा दाराबाहेर बसून "लहान्या, ऐक न" करत राहिले आणि शेवटी करंज्या कामाला आल्या.

पाऊस थोडा थांबला तसे दोघे दाराशी गेले. मोठेबाबांनी खालून पहार सरकवली, बाबांनी बिजागऱ्यांच्या खिट्या ठोकून काढल्या आणि दोघांनी मिळून झडप उचलली. एकट्याचं ते काम नव्हतंच. ओसरीवर उलटी ठेवली तेव्हा तिची खालची कड पहिल्यांदाच उजेडात आली. काळी पडलेली, ओलीगच्च, नखानं दाबली तर रुतणारी. बाबांनी इतकी वर्षं दार पुसलं, तेल पाजलं, पण जमिनीकडच्या त्या कडेला फडकं कधी लागलंच नव्हतं. पाणी तिथून वर चढत होतं.

"तोंडाले पावडर अन् पाय चिखलात," मोठेबाबा म्हणाले. बाबांनी फडकं आणून ती कड पुसायला घेतली.

कापूस बचावला होता. दाराला टेकलेला थर तेवढा दमट झाला होता, तो आम्ही घरभर पसरला आणि आठवडाभर त्यातूनच चाललो. बाकीचा पांढराशुभ्र होता. तो पुढे मिळेल त्या दराला विकला गेला. त्या पैशांत गाडी आली नसती, पण मोठेबाबांचं वर्ष वाया गेलं नाही. मी तो थर हातानं पिंजत होते तेव्हा मला एकाएकी रडू आलं, का ते मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर दर वर्षी मृगाच्या आधी मोठेबाबा यायचे. दोघे दार उतरवायचे, कड खरवडायचे, ऊन द्यायचे, तेल पाजायचे आणि भांडत भांडत परत बसवायचे. कापूस पुन्हा कधी आला नाही. गाडी तर नाहीच.

मागच्या वर्षी मी यवतमाळहून घरी गेले होते. दोघेही म्हातारे झालेले, झडप उचलताना बाबांचे हात कापतात, म्हणून मी म्हटलं, लोखंडी शटर बसवू, वर्षातून एकदा ग्रीस लावलं की विषय संपला. शटरवाल्याशी बोलूनसुद्धा ठेवलं. बाबा ताट सरकवून उठले. आईनं माझ्यासमोर मोबाईल घेतला आणि मोठीआईला शटरची हकिगत ऐकवून शेवटी सांगितलं, "ते फुगले." आवाज स्वच्छ होता, शंकेला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा फाटकात उभे. काठी टेकत, धापा टाकत, आणि हातात जवसाच्या तेलाचा डबा.

"मोठेबाबा, आई बाबांबद्दल सांगत होती," मी म्हटलं. "दार ठीक आहे. तेल कायले आणलं?"

"मले समजलं होतं न, बाई," ते म्हणाले. "पण भावाच्या घरी खाली हात कसं याचं? काहीतरी काम पायजे. ते शटर बसवलं तं मी कायले येऊ?"

आतून बाबांच्या चपलांचा आवाज आला. मी शटरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि तेलासाठी जुनं फडकं शोधायला आत गेले.