कोणतं पाणी टाकलं?

आमच्या घरात दोन कूलर आहेत. एक बाल्कनीच्या खिडकीला टेकवलेला, पत्र्याचा, तिन्ही बाजूंना गवत भरलेल्या ताट्या असलेला. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्याशिवाय माणूस जगू शकत नाही. दुसरा माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात आहे. त्याच्याशिवाय घरातली सगळी माणसं अगदी मजेत जगू शकतात, फक्त मी सोडून. या दोन्ही वस्तूंना आम्ही कूलरच म्हणतो, आणि या एका शब्दापायी मागच्या मे महिन्यात घरात जे रामायण झालं त्याची ही हकीकत आहे.

मी सरकारी कार्यालयात कारकून आहे, पण ही ओळख मी होता होईल तो लपवतो. मी स्वतःला कॉम्प्युटरचा शौकीन म्हणवतो. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा शौकीन सीताबर्डीला एका पोहेवाल्याच्या गाडीपाशी जमतो. सगळ्यांची चाळिशी उलटलेली, दोघांना मधुमेह, एकाची मुलगी लग्नाची. पोह्यांवर तर्री ओतून घेत आम्ही तापमानाच्या गप्पा मारतो. हवेच्या नव्हे, प्रोसेसरच्या. डोक्यावर ऊन रणरणत असतं आणि आम्ही ‘माझा साठच्या वर जात नाही’ म्हणून एकमेकांवर भाव खात असतो. प्रोसेसर एवढा थंड ठेवून आम्ही करतो काय, तर तो किती थंड आहे हे पाहतो.

या मंडळात सगळ्यात आधी पाण्यावर चालणारा कूलर मी बसवला. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी डबी, तिच्यातून पारदर्शक नळ्या, एक चिमुकला पंप, एक काचेची टाकी आणि गाडीत असतो तसा रेडिएटर. आत निळा द्रव आणि वर रंग बदलणारे दिवे. ते सगळं लावून झालं तेव्हा मी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. शेजारच्या काकूंनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, “मासे केव्हा टाकून राहिले?”

बाबांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. डोळे बारीक करून ते टाकीकडे पाहत होते. म्हणाले, “पाणी कोणतं टाकलं यात?”

“बाबा, हे तुमच्या बॉयलरसारखं नसते,” मी म्हणालो. “याचं सायन्सच वेगळं असते.”

ते “बरं” म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली, आणि त्या तीस वर्षांत त्यांनी फक्त पाणी पाहिलं. बॉयलरमध्ये जाणारं पाणी नदीतून आणून तसंच ओतता येत नाही, त्यातले क्षार पार काढून टाकावे लागतात, नाहीतर नळ्या आतून बुजतात. ते क्षार गेले की नाहीत हे तपासणं म्हणजे बाबांचं काम. कॉलनीतल्या माझ्या मित्रांचे वडील टर्बाइन चालवायचे, क्रेनवर चढायचे, कोळशाने काळे होऊन घरी यायचे. माझे वडील स्वच्छ कपड्यांत जायचे आणि स्वच्छ कपड्यांत परत यायचे. ‘तुझे बाबा काय करतात?’ असं कुणी विचारलं की ‘पाणी पाहतात’ हे उत्तर मी गिळून टाकायचो. आठवीत शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘इंजिनियर’ लिहून टाकलं. सहीसाठी फॉर्म बाबांकडे गेला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि पेनाला टोपण लावून फॉर्म मला परत दिला.

आता मे महिन्याकडे येतो. माझी बायको अकरा वर्षांपासून एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत द्यायची आणि मार्चमध्ये पुन्हा घरी बसायचं. त्याच कॉलेजात या वर्षी एक कायमची जागा निघाली होती. प्रबंध सोमवारपर्यंत विद्यापीठात जमा झाला, तरच तिला त्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. प्रबंध होता उमरेडच्या हातमागांवर. चार वर्षं ती सुट्टीच्या दिवशी एसटीने उमरेडला जात होती, विणकरांच्या घरी बसून लिहून घेत होती, मागांचे आणि साडीच्या काठांचे फोटो काढत होती. साडेतीनशेच्या वर पानं झाली होती आणि सहाशे फोटो.

हे सगळं ती तिच्या जुन्या लॅपटॉपवर सुखाने करत होती. मीच मध्ये पडलो. “एवढी जड फाइल त्या डबड्यावर काहून करून राहिली? माझ्या मशीनवर कर,” असं म्हणून मी तिचं सगळं काम उचलून माझ्याकडे आणलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण तिच्या लॅपटॉपातली चांगली डिस्क आता रिकामीच आहे, असा विचार करून मी तीही काढून, पुसून माझ्या मशीनमध्ये घातली, आणि लॅपटॉप नुसता डबा उरला. नवरा म्हणून मी तिला आजवर जेवढी मदत केली आहे, ती साधारण याच जातीची आहे.

शनिवारी सकाळी प्रबंध पूर्ण झाला. फक्त त्याची पीडीएफ करायची आणि रविवारी ती छपाईला द्यायची, एवढंच उरलं होतं. पीडीएफ व्हायला चाळीस मिनिटं लागणार होती. अकराव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा अकराव्या मिनिटाला बंद. तिसऱ्यांदा नवव्याच मिनिटाला.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही, गरम होऊन राहिला थोडासा.”

“त्याच्यात तर पाणी आहे ना?”

आहे ना पाणी! मी काचेचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला, मग फ्रिजमधला बर्फ रुमालात बांधून रेडिएटरवर ठेवला. बर्फाचं पाणी टेबलावरून ओघळलं आणि तिच्या संदर्भसूचीच्या छापील पानांवर गेलं. तिने पानं उचलली आणि एकेक करून दोरीवर वाळत घातली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन भर उन्हात सीताबर्डीच्या छपाईवाल्याकडे पळालो. त्याच्या मशीनवर फाइल उघडली, पण मराठी अक्षरांच्या जागी सगळीकडे चौकोन उमटले. एकही जोडाक्षर वाचता येईना. परत आलो तेव्हा ती टेबलाशी बसून होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. तिची अकरा वर्षं माझ्या रंगीत दिव्यांपायी वाया जाणार, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

मग आमच्या मंडळातल्या एकाला फोन लावला. घाबरलो की माझा आवाज चढतो. “कूलर जाम झाला गा! पुरा जाम! अबे, खोलूनच पाहा लागते!” असं मी बहुधा गल्लीलाही ऐकू जाईल इतक्या जोरात सांगत होतो. पलीकडून सल्ला आला की पंखा उलटा लावून पाहा.

शेजारच्या खोलीत बाबा दुपारची झोप घेत होते. फोन ठेवतो न ठेवतो तोच खोलीत गरम झळा येऊ लागल्या. दहा मिनिटांत घराची भट्टी झाली. जाऊन पाहतो तर बाबा बनियनवर बाल्कनीत उभे, हातात पक्कड. त्यांनी खिडकीचा कूलर बंद करून त्याच्या दोन ताट्या उतरवल्या होत्या आणि तिसरीचा नट फिरवत होते. वय अठ्ठ्याहत्तर, अंगातून घामाच्या धारा.

“बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?”

“तूच तर बोंबलून राहिला होता, कूलर जाम झाला, खोला लागते म्हणून. खोलून राहिलो.”

“हा नाही हो! तो कूलर! कॉम्प्युटरचा!”

बाबा थांबले. त्यांनी उतरवलेली ताटी माझ्यासमोर धरली. गवतावर पांढरी पापडी धरली होती, बोटाने ठोकली की टवके पडत होते. दर उन्हाळ्यात धरते. आमच्या बोअरचं पाणीच तसं आहे.

“त्या कूलरात पाणी कोणतं टाकलं?” त्यांनी विचारलं. कूलर बसवला त्या दिवशी विचारलं होतं अगदी तसंच.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मूळचा निळा द्रव उन्हाळ्यात हळूहळू आटला होता. फिल्टरच्या पाण्याची टाकी एके दिवशी रिकामी होती आणि बाबा पाइपने खिडकीचा कूलर भरत होते. त्याच पाइपखाली मी प्लास्टिकचा मग धरला आणि ते पाणी टाकीत ओतलं. आणि एकदा नाही, चारदा.

“बोअरचं,” मी म्हणालो. “पण गाळून टाकलं.”

“कशातून गाळलं?”

“मलमलीतून.”

तीस वर्षं ज्यांनी पाण्यातला न दिसणारा क्षार शोधला, त्यांचा मुलगा तो मलमलीतून गाळत होता. “पोट्ट्या,” ते म्हणाले, “मीठ फडक्यात राहते का?” आणि आत जाऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या सुनेला विचारलं, “पोरी, ढोकळ्यात टाकतो ते निंबूसत आहे का घरात?”

पुढचा तासभर मी फक्त हुकूम पाळले. नळ्या सोड, सोडल्या. डबी उघड, उघडली. तांब्याच्या बारीक पात्यांमधून पाण्याने वाहायचं असतं, तिथे चुना लावावा तसा पांढरा थर बसला होता. बाबांनी निंबूसत कोमट पाण्यात विरघळवलं, त्यात डबी बुडवली आणि जुन्या टूथब्रशने अशी हलक्या हाताने घासली की मला माझ्या दांडगाईची लाज वाटली. नळ्यांतूनही तेच पाणी दोनदा फिरवलं. मग जिन्याखालून त्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या, क्षार काढलेल्या पाण्याचा कॅन आणायला लावला. तो तिथे वर्षभर पडून होता. मी त्याला रोज ओलांडून जात होतो.

कॅनमधलं थोडं पाणी त्यांनी काचेच्या ग्लासात ओतलं, खिडकीपाशी गेले आणि ग्लास उजेडात धरला. एक डोळा मिटून, ग्लास थोडा तिरपा करून ते बराच वेळ पाहत राहिले. त्यांना हे काम करताना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. “हे चालते,” ते म्हणाले.

टाकी भरली, हवा काढली, कॉम्प्युटर सुरू केला. पीडीएफ सुरू करण्याआधी बायको म्हणाली, “एक मिनिट, मले एक दुरुस्ती करू द्या.” तिने काहीतरी टाइप केलं. मला वाटलं, एखादा स्वल्पविराम असेल.

मग बाबा स्टूल ओढून टाकीसमोर बसले, ड्यूटीवर बसावं तसे. मला त्यांनी सांगितलं, “तू इथं नको उभा राहू. जाय, खिडकीचा कूलर बसव.” म्हणून त्या महत्त्वाच्या चाळीस मिनिटांत घरातला कॉम्प्युटरतज्ज्ञ बाल्कनीत उन्हात ताट्यांचे नट आवळत होता. अकरावं मिनिट आलं तेव्हा माझ्या हातातली पक्कड सुटून पायावर पडली. आतून काही आवाज आला नाही. बावीस. तीस. मग बायकोचा आवाज आला, “बाबा, झालं!” आणि ती रडायलाच लागली. मी खिडकीतून पाहिलं. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते आणि नजर अजून टाकीवरच होती.

सोमवारी प्रबंध जमा झाला, त्याच आठवड्यात अर्जही गेला. मुलाखत अजून व्हायची आहे.

आमच्यासाठी एक प्रत जास्तीची बांधून घेतली होती. ती घरी आल्यावर मी सगळ्यात आधी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. खरं सांगायचं तर ते पान मी आधी चोरून तीनदा वाचलं होतं. त्यात ‘माझे पती, यांच्या तांत्रिक साहाय्याशिवाय’ असं एक सुरेख वाक्य होतं. आता तिथे ते नव्हतं. तांत्रिक साहाय्याच्या जागी बाबांचं नाव होतं. मला शोधावं लागलं. शेवटच्या ओळीत सापडलो, ‘कुटुंबातील इतर सदस्य’ यांच्यात.

“बाबांना वाचून दाखवा,” बायको म्हणाली.

मी वाचलं. बाबांचं नाव, आणि पुढे ‘निवृत्त पाणी तपासनीस, वीज केंद्र, खापरखेडा, यांनी पाणी पाहिले म्हणून हा प्रबंध वेळेत पूर्ण झाला’. बाबांनी चष्मा लावला, प्रत स्वतःच्या हातात घेतली आणि त्या ओळीखाली बोट धरून ती पुन्हा वाचली.

“हे विद्यापीठात राहीन का?” त्यांनी विचारलं.

“राहील ना, बाबा. लायब्ररीत राहील.”

त्यांनी प्रत मिटली आणि चष्मा काढून ठेवला.

“बरोबर लिहिलं पोरीनं,” ते म्हणाले. “नाहीतर काही लोक इंजिनियर लिहून टाकतात.”

मी उठलो आणि टाकीत पाणी किती आहे ते पाहायला गेलो.