बापाच्या हाताची मूठ

मार्लिस त्वेटचे हात बापावर गेले होते. रुंद तळवा, आखूड अंगठा. "आर्विदनं पोरीला रूप दिलं नाही, दुकान दिलं," असं शेजारचा गस पाव्लिक तिच्यादेखत म्हणायचा आणि जुडिथ नदीच्या खोऱ्यात सगळे त्यावर हसायचे. मार्लिसही हसायची.

दुकान बंदुका दुरुस्तीचं. आई गेली तेव्हा एवढ्या हिवाळ्यापुरतं म्हणून ती बापाच्या मदतीला बसली, ती बसलीच. पुढे आर्विदची बोटं आखडत गेली आणि एकेक काम तिच्याकडे सरकत आलं. पाटीवर नाव मात्र त्याचंच राहिलं.

गिऱ्हाइकं लांबून येत ती रिव्हॉल्व्हरची मूठ हाताला बसवून घ्यायला. कारखाना सगळ्यांना एकाच मापाची मूठ देतो. लाकडाच्या आत पोलादी सांगाडा असतो. त्याचा कोपरा जिथे तळव्यात रुततो तिथे कानस चालवायची, मग त्यावर लाकूड बसवायचं. कुठे घासायचं ते काजळी सांगते. सांगाड्याला दिव्याची काजळी फासून गिऱ्हाइकाला धरायला द्यायचं. तळवा काळा होईल तिथे पोलाद दाबतंय. सगळा तळवा सारखा काळा झाला की काम संपलं.

"आपल्या हातात धरून बघायचं नाही," आर्विद पहिल्या दिवसापासून बजावायचा. "हात लबाड असतो. स्वतःची सोय बघतो."

त्या वर्षी बिलिंग्ज शहरातल्या एका कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेने मार्लिसला बोलावलं. तिने पाठवलेले मेणाचे दात त्यांना पसंत पडले होते. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"म्हणजे आता म्हाताऱ्यांचे दात घासणार," आर्विद म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "जाण्याआधी माझी तेवढी मूठ करून दे. अंगठ्यापाशी रुतते."

इतक्या वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तिने आनंदाने कानस उचलली.

पण थंडीने त्याचा सांधा सुजलेला होता. दर वेळी मूठ आवळताना तो ओठ दाबून धरायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. तिला ते बघवेना. मग तिने त्याला हाक मारणंच सोडलं. हात तर तोच, सगळं खोरं सांगतं, असं मनाशी म्हणत ती काजळी फासलेला सांगाडा स्वतःच्याच हातात धरून बघू लागली. काम भराभर पुढे गेलं. वर खोलीत बॅग भरून तयार होती. कानशीच्या तालावर ती कधी गुणगुणायला लागली, तिला कळलंही नाही.

शनिवारी गस आपली रायफल न्यायला आला. आर्विद शेगडीजवळ कॉफी पीत होता. मार्लिसने रिकामं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं.

"बघा बाबा."

त्याने मूठ धरली. "झकास. जा आता बिनघोर."

"अशी कशी झकास?" गस म्हणाला. "मला जन्मभर काळे हात करून घरी पाठवलंत बापलेकींनी. बायको दारात साबण घेऊन उभी असते. आज तुझी पाळी, म्हाताऱ्या. उतरव गं ते लाकूड, लाव काजळी!"

तिने हसत लावली. आर्विदने मूठ आवळली, सोडली. तळव्यावर एकच डाग होता, सुजलेल्या सांध्यावर. बाकी हात कोरा.

गसचं हसू ओसरलं.

"थंडी आहे," आर्विद पँटला हात पुसत म्हणाला. "उन्हाळ्यात बसेल."

मार्लिसने ती मूठ आपल्या हातात घेतली. बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत तिचा तळवा एकसारखा काळा झाला. मूठ इतकी नेमकी बसली होती की खाली ठेवताना बोटं उलगडायला नको झाली.

गसने रायफल उचलली. "बर्फ वाढायच्या आत निघतो," असं पुटपुटत तो गेला.

"काम उत्तम झालंय," आर्विद हळू आवाजात म्हणाला. "फक्त, माझ्या हाताचं नाही, तुझ्या हाताचं झालंय. ठेव तुला."

"घासलेलं पोलाद परत येत नाही, बाबा."

"नवा सांगाडा आहे खणात. मी घासेन. तू जा."

"तुम्ही? कपाला दोन हात लागतात तुम्हाला."

"लागू देत. मी काही म्हटलंय का?"

त्याने काहीच म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तिला भांडता आलं असतं. बॅग आपटता आली असती. शेगडीत लाकूड तडतडलं. तिने खण उघडला, नवा सांगाडा काढून शिकंज्यात आवळला आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"जागा राखून ठेवता येणार नाही आम्हाला," बिलिंग्जची बाई म्हणाली. "कळतंय ना?"

"कळतंय."

फोन ठेवून ती वळली. आर्विदने आपलं स्टूल तिच्या टेबलाला भिडवलं होतं आणि उजवा हात उताणा करून तो बसला होता. जा, असं तो पुन्हा म्हणाला नाही.