आहेरातले मासे

आहेरात आलेला मासा परत करता येत नाही. टोपी-टॉवेल पुढच्या लग्नात सरकवता येतो, स्टीलचा डबा माळ्यावर टाकता येतो. मासा मात्र दारात पाऊल टाकल्यापासून पाणी मागतो! हे ज्ञान मला पिंप्राळ्यातल्या आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला झालं, तेही सगळ्या पाहुण्यांच्या देखत.

त्याआधी मी माशांतला जाणकार होतो. (हे माझं मत. आमच्या घरात माझी बरीच मतं माझ्यापुरतीच असतात.) हॉलमध्ये काचेची टाकी ठेवायचं ठरलं आणि मला कुतूहलानं झपाटलं. कोणता मासा कोणाबरोबर सुखानं नांदतो? गार पाणी कोणाला लागतं, कोमट कोणाला चालतं? आमच्या नळाचं पाणी एवढं जड, की चहाच्या पातेल्यावर पांढरा थर धरतो. त्यात कोण तग धरेल? जेवताना, झोपताना, ऑफिसात फाईलच्या आड मी माशांचे व्हिडिओ बघत होतो. शेवटी गप्पी आणि मोली निवडले. स्वभावानं गरीब, जड पाणी मानवणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"सिलिंडर संपलाय ते कळत नाही," सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "मोलीला काय मानवतं ते बरं कळतं!"

निमंत्रणात मी 'आहेर आणू नये' असं ठळक छापून घेतलं. खानदेशात ही ओळ वाचून कोणी रिकाम्या हातानं आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. लगेच अमळनेरहून अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"काय आणू रे? परात की घागर?"

"काही नको, अक्का. आणायचंच असेल तर टाकीत सोडायला मासा आण!" मी गंमत केली.

"बरं. लांब शेपटीचा गोल्डफिश चालेल का?"

"चालेल, चालेल! बिनधास्त आण!"

फोन ठेवतो न ठेवतो तोच सावद्याहून भाऊंचा. भाऊ म्हणजे सुनंदाचे थोरले बंधू. केळीचा मोठा व्यापार, आवाज त्याहून मोठा. सुनंदानं त्यांना माशांचं आधीच सांगितलेलं.

"पाहुणे, ते पट्टेवाले मासे पाहिले दुकानात. लई चपळ! चार आणू का?"

"चालेल, चालेल! बिनधास्त आणा!"

आता हे पट्टेवाले म्हणजे टायगर बार्ब. दुसऱ्याची लांब शेपटी दिसली की ती कुरतडणं हा त्यांचा आवडता उद्योग. संख्येनं भरपूर असले तर ते आपसातच मारामाऱ्या करतात, पण तीन-चारच असले की शेजाऱ्यांचं काही खरं नसतं. आणि गोल्डफिशची शेपटी तर पदरासारखी लोंबती! हे सगळं मला ठाऊक होतं. पण आहेराला नाही म्हणायला जीभ रेटेना. शिवाय, खोटं कशाला बोलू, मनात एक किडा वळवळत होताच. खरंच कुरतडतात का ते?

इथं एक खुलासा करायला हवा. अक्का आणि भाऊ आमच्या लग्नापासून एकमेकांशी बोलत नाहीत. लग्नात फोटोग्राफर भाऊंनी ठरवला होता. अल्बम आला तर प्रत्येक फोटोत मधोमध भाऊ, आणि करवलीच्या जागी मांडवाचा खांब! खांबामागून अक्काचं कोपर तेवढं दिसतं. तेव्हापासून "त्यांना सांग" आणि "त्यांना विचार" असा कारभार चालू. दर सणाला दोघांना वेगवेगळं बोलवून सुनंदा अगदी थकून गेली होती. "नव्या घरात दोघं एका पंगतीला बसून जेवू देत," ती म्हणाली, "मला दुसरं काही नको." तिचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

वास्तुशांतीच्या दिवशी अक्का एसटीनं आली. मांडीवर पाण्याची पिशवी, पिशवीत दोन गोल्डफिश. भाऊ गाडीतून उतरले ते पट्टेवाल्यांची पिशवी मिरवत. पूजा आटोपली आणि दोघंही एकदमच टाकीपाशी पोचले. "पिशवी आधी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवायची असते," मी सांगू लागलो, पण ऐकतंय कोण! दोन्ही पिशव्या एकाच वेळी रिकाम्या झाल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे गप्पी-मोली घाबरून कोपऱ्यात गेले.

पहिला पट्टेवाला गोल्डफिशच्या मागं गेला, थबकला, आणि त्यानं शेपटीचा लचका तोडला.

"अरेच्चा! खरंच कुरतडतात!" मी आनंदानं ओरडलो. (हे मी मोठ्यानं म्हणायला नको होतं.)

अक्का चिडली की थेट अहिराणीवर येते. "लगीनमा माले खांबमांगे दपाडं, आते मना मासानी शेपटी खाई! त्यास्ले सांग, आपला मासा आवरा!"

"त्यांना सांगा," भाऊ छताकडं बघत म्हणाले, "मासा लहान आहे अजून. खेळतोय."

मी घाईघाईनं गोल्डफिश बादलीत काढले.

"मना आहेर बादलीमा, आन त्यास्ना काचमा?"

गोल्डफिश परत टाकीत, पट्टेवाले बादलीत. लगेच स्वयंपाकघरातून सुनंदा. "अहो, माझ्या भावाचा आहेर बादलीत?"

मग मी शुद्ध न्याय केला. दोन बादल्या घेतल्या, दोन्ही आहेर बाहेर! एक बादली टीव्हीखाली ठेवली. दुसरीला हॉलमध्ये जागाच नव्हती, म्हणून पट्टेवाल्यांची बादली दाराशी ठेवली. पाचच मिनिटांचा प्रश्न होता. तेवढ्यात उशिरा निघालेले धुळ्याचे नाना, आमचे काका, येऊन पोचले. दाराशी पाणी बघून त्यांना भरून आलं.

"व्वा! पाय धुवाले पाणी ठेवलंय! याला म्हणतात संस्कार!" आणि नानांनी उजवा पाय बादलीत घातला.

पुढच्या क्षणी आख्खी कॉलनी दचकली. "आरे बाप रे! बादलीमा हाई काय शे रे? अंगठाले चावस!"

आता उखडायची पाळी भाऊंची होती. "माझ्या आहेरात पाय धुतले!" त्यांनी गाडीची किल्ली उचलली. ते निघाले म्हटल्यावर आपण मागं कशाला, म्हणून अक्कानंही पिशवी उचलली. "माले दुपारनी एसटी शे." आचाऱ्याची वरण-बट्टी तयार, पानं मांडलेली, आणि सुनंदा दाराच्या चौकटीला टेकून डोळ्यांना पदर लावतेय!

मी धावत स्वयंपाकघरात गेलो, गव्हाची मोठी चाळणी उचलली आणि टाकीत मधोमध उभी बुडवली. रुंदीला अगदी फिट्ट! एका बाजूला गोल्डफिश ओतले, दुसऱ्या बाजूला पट्टेवाले. "बघा, बघा! दोन्ही आहेर काचेत! मान सारखा!" चाळणी घसरत होती, म्हणून तिला धरून मी टाकीमागं उभा राहिलो. नवा कुर्ता कोपरापर्यंत पाण्यात.

अक्का बघायला एका बाजूनं आली, भाऊ दुसऱ्या बाजूनं. दोघांनी काचेला नाकं लावली. चाळणीच्या भोकांतून पट्टेवाले पलीकडं डोकावत होते आणि एक गोल्डफिश चक्क त्यांच्या समोर जाऊन तोंड उघड-मीट करत होता.

"तुमचा हा डावीकडचा काही घाबरत नाही हो, अक्का!" भाऊ बोलून गेले. सुनंदाचा पदर डोळ्यांशीच थांबला.

"घाबरायला काय झालं त्याला?" अक्का काचेवरून नाक न हलवता म्हणाली. "पण मी याला फोन करून विचारलं होतं. हा म्हणे, बिनधास्त आण."

"मलाही तेच! चालेल, चालेल, बिनधास्त आणा!"

दोघांनी माना वर केल्या. एकदम. माझ्याकडे. चाळणी सोडून पळायचीही सोय नव्हती.

"तुला माहीत होतं का रे, हे कुरतडतात ते?" अक्का.

"म्हणजे... व्हिडिओत बघितलं होतं."

"मग आणू का दिले, पाहुणे?" भाऊ.

"खरंच कुरतडतात का, ते बघायचं होतं."

मग अक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "भाऊ, लहानपणी यानं विंचू खरंच चावतो का म्हणून बोट लावून बघितलं होतं!"

"काय सांगता! आणि आमच्याकडं आले तेव्हा, अक्का, केळीच्या कच्च्या घडाला दात लावले होते यांनी!"

"चला, बसा आधी जेवायला. सगळं सांगते तुम्हाला."

आणि ती दोघं माझी अक्कल काढत एका पंगतीला शेजारी-शेजारी बसली. पंगतभर हशा चालला होता, सुनंदा हसत-रडत वाढत होती, आणि मला एवढं हायसं वाटलं, की त्यांनी आणखी दोन शिव्या घातल्या असत्या तरी गोड लागल्या असत्या.

"अरे, ये ना जेवायला!" अक्कानं हाक मारली.

"हात काढला तर भिंत पडते!"

मग अक्का उठली, वरणात कुस्करलेली बट्टी घेऊन आली आणि तिनं मला एक घास भरवला. करवलीकडून एक झाला म्हटल्यावर सासरच्यांचा मान मागं राहू नये, म्हणून दुसरा भाऊंनी. टाकीमागं उभा राहून, हात पाण्यात ठेवून, मी वास्तूचा मालक आळीपाळीनं तोंड उघडत होतो.

समोरून नाना आले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून काचेतून पलीकडं निरखून बघितलं.

"सूनबाई, हा मोठा मासा कोणी आणला गं? सारखा आ करतोय! याच्याबरोबर दुसरं कोणी टिकतं का?"

सुनंदा बट्टीचं ताट घेऊन तिथूनच चालली होती.

"मी टिकलेय ना, नाना," ती म्हणाली. "फक्त शेपटीचं विचारू नका."