खाऱ्या वाडीचा श्वास

बोईसरला उतरलो तेव्हा मी आनंदात होतो, हे आधीच सांगून टाकतो. उधाणाने (मोठ्या भरतीने) खाडीचा बांध फुटला आणि पानवेलींच्या वाडीत (बागेत) खारे पाणी शिरले, असे पालघरच्या एका स्नेह्याने कळवले होते. अशा वेली मी कित्येक वर्षे शोधत होतो. पान श्वास घेते तेव्हा आतले काय जाळते आणि जमीन बिघडली की काय जाळू लागते, हा माझा अभ्यास. कुणाचे तरी बुडाले होते आणि मी सुटकेस भरत होतो.

स्टेशनाबाहेर तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर जाणारा ट्रक मिळाला. दारूबंदीच्या दिवसांत माझ्याजवळ रसायनांच्या एवढ्या बाटल्या पाहून मजुरांनी हिंदीतून मनसोक्त थट्टा केली. घिवली गावाच्या अलीकडे ट्रक खड्ड्यात आदळला आणि नेमकी चुन्याच्या निवळीची बाटली फुटली.

वाडीचा मालक गोविंद रस्त्यावर उभा होता. वाटेत त्याने हळू आवाजात सांगितले, की त्याला लहानाचे मोठे करणारी आत्या बांध फुटल्यापासून जेवलेली नाही. दोन घोट पेज घेते, तेवढेच. वाडी जगली तर जेवेन, म्हणते.

पानवाडीत चपला घालून जात नाहीत. अनवाणी आत शिरलो. बाहेर रणरणते ऊन, आत हिरवा काळोख. पायाखाली मिठाचा पापुद्रा करकरत होता. पांगाऱ्यांवर चढलेल्या वेलींची पाने हिरवीगार, पण एक पाखरू नाही, साधा किडा नाही. वारा नसताना मानेवर कोमट ओल जाणवत होती. आत्या मधोमध बसली होती. ती इतकी वाळली होती, की बोलेपर्यंत मला दिसलीच नाही.

"तुमी पानांचे डाक्तर? बघा, जित्ती हायत का."

निवळीची बाटली फुटल्याचे सांगितले, तर तिने कनवटीची चुन्याची डबी पुढे केली. पान खाणेही तिने सोडले होते. तो चुना पाण्यात ढवळून, वरचे नितळ पाणी मी दोन बरण्यांत ठेवले. एका बरणीत तिच्या वाडीची पाने, दुसरीत उंचावरच्या शेजाऱ्याची, जिथे खारे पाणी पोचले नव्हते. पानांच्या श्वासाने निवळी दुधाळ होते, हे घरातल्या सर्वांना समजावले आणि माजघरात बरण्यांवर काळे कापड टाकले.

दिवेलागणीला कापड उचलले. शेजाऱ्याची निवळी जेमतेम गढुळली होती. आत्याची दुधासारखी पांढरी. बरणीच्या काचेवर आतून वाफ धरली होती, जणू कुणी तोंड लावून बसले होते.

"आत्या, शेजारच्यांपेक्षा आपल्या पानांत दम हाय," गोविंद म्हणाला.

तिने बरणीच्या काचेवरून बोट फिरवले. मग तिने भाकरी मागितली. भाजलेल्या बोंबलाबरोबर ती सावकाश जेवली आणि सगळे घर दारात उभे राहून पाहत होते.

एवढा श्वास चांगले लक्षण नसावे, ही शंका मला आली होती; मी तेव्हाच बोलायला हवे होते. पडवीत जाऊन मी आत्याच्याच वाडीचे पान स्पिरिटमध्ये उकळून त्यावर आयोडीन टाकले. पानात पिष्टाचा साठा असला तर ते काळेनिळे पडते. हे नुसते तपकिरी राहिले. साठा संपला होता. साठा नसताना एवढा श्वास घेणारे पान स्वतःचेच अंग जाळत असते. तो दम नव्हता, धाप होती.

सकाळी गोविंद पोचवायला निघाला. बांधकामावर कामाला येतो, असे त्याने ठेकेदाराला कबूल केले होते. वाडी जगली असे धरून आता नाही म्हणून कळवणार होता. मग मात्र मला गप्प राहवेना. सगळे सांगितले.

चालता चालता त्याने विचारले,

"असा दम किती दिस घेतील?"

"थोडेच. मग एकदम काळी पडतील."

"तवर ती जेवंल," तो म्हणाला. "तिला कळू देऊ नका." आणि फाट्यावर निरोप घेऊन तो घराकडे वळला नाही, तारापूरच्या रस्त्याला लागला.

परतीच्या गाडीतून पालघर मागे पडले. मला हवे ते उत्तर मिळाले आहे आणि ते मी लिहीनही. पण या घटकेला ती वाडी स्वतःला जाळत श्वास घेते आहे, आणि त्या श्वासाच्या भरवशावर एक म्हातारी भाकरी मोडते आहे. तिचा प्रत्येक घास माझ्या गप्प राहण्यावर चालला आहे. तरी पाने अजून थोडे दिवस हिरवी राहावीत, असेच मला वाटते.