वर जाण्याचं बटण

हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात सुगंधाताई बावीस वर्षं पॅकिंगला आहेत, उभ्याने. मूळच्या रत्नागिरीच्या. डबा ठोकला की आवाजावरून सांगतात, कुठे पोचा आलाय ते. माणसांचंही तसंच. मी नोकरीला लागलो त्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "माणगावचा ना? आवाज बरा येतोय. रिकामा आहेस, भरशील हळूहळू."

मी कॉम्प्युटरवाला. आमच्या एचआरच्या निशिगंधा मॅडमनी मला कामगारांसाठी पोर्टल करायला सांगितलं. त्यावर आपली माहिती भरायची, काय शिकायचंय ते टाकायचं, बढतीचा अर्ज करायचा. "आणि मराठीत हां, एकदम सोप्पं." मॅडम कॉन्व्हेंटच्या. अर्जाच्या शेवटच्या बटणावरचे शब्द त्यांनी स्वतःच दिले: 'वर जा'. मला हसू आलं होतं. पण माणगावच्या शाळेने एक गोष्ट नीट शिकवलीय, बाईंची चूक काढायची नसते.

चाचणीच्या शनिवारी ते बटण पहिल्यांदा दाबलं जितूभाऊंनी. जितेंद्र, पॅकिंगचे सुपरवायझर, मोरव्याचे. संध्याकाळी गेटवर रोजच्यासारखं "येतो रं" म्हणाले आणि गेले. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यांचं खातं मीच बंद केलं. त्यांच्या जागेसाठी अर्ज निघाले, मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. सुगंधाताईंचे गुडघे गेलेत, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. सुपरवायझरची ती खुर्ची आता नाही तर कधीच नाही.

गुरुवारी दुपारी मी त्यांचा अर्ज भरून दिला. बटण वाचून त्यांनी हात मागे घेतला.

"वर जा? मेल्या, मी खुर्ची मागितली, तिरडी नाही."

"नुसतं बटण आहे, ताई."

"जितूभाऊला पण हेच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं.

विषय बदलावा म्हणून मी शिफारशीचा रकाना उघडला. तो सुपरवायझरने भरायचा असतो. सुपरवायझरच नाही, तेव्हा रिकामाच असणार. तो रिकामा नव्हता.

'बाय तयार हाय. वरती धाडा.'

वेळ, त्याच गुरुवारची सकाळ. नाव, जितेंद्र. कोणीतरी मस्करी केली म्हणावी, तर खातं अजून बंदच होतं. आणि आमच्या कारखान्यात लिहितानाही 'हाय' लिहिणारा एकच माणूस होता.

ताईंनी ते सावकाश वाचलं. "वरती म्हणजे कुठे रे धाडा म्हणतोय?"

मी माऊस परत बटणावर नेला.

"मी बटण बदलतो," मी म्हटलं. "'पुढे जा' करू?"

"'पुढे गेला' कोणाला म्हणतात, माणगावला शिकवलं नाही?"

"मग काय लिहू?"

"आपण घरातून निघताना 'जाते' म्हणतो का? 'येते' म्हणतो. ते लिही."

शुक्रवारी साडेचारला मी मॅडमना न विचारता बटणावर 'येते' लिहिलं. ताईंनी पदराला बोट पुसलं, पुटपुटल्या, "येते हां," आणि दाबलं. अर्ज गेला. मी त्यांना चहा पाजणार होतो. तेवढ्यात शिफारशीखाली आणखी एक ओळ आली.

'ये. खुर्ची पुसून ठेवतो.'

'येते' हे आपण नेमकं कोणाला कळवलं, हा विचार मला तेव्हा सुचला. मी घाईने स्क्रीन झाकली. ताईंनी वाचलं होतं.

सोमवारी त्यांच्या नावाचं बढतीचं पत्र निघालं. आमच्याकडे पॉलिशची काळी पूड रविवारभर बसते. सोमवारी टेबलं, पंखे, खोकी, सगळ्यावर बोटाने नाव लिहिता येतं. शनिवारी लावलेलं पॅकिंगचं कुलूप मॅडमसमोर उघडलं. सगळीकडे काळं होतं. ती एक खुर्ची मात्र नव्या डब्यासारखी लख्ख.

"ताई, नका बसू," मी म्हटलं. माझा आवाज त्या क्षणी नक्की पोकळ आला असणार.

ताईंनी खुर्चीच्या पाठीवर नखाने ठोकून पाहिलं. कान दिला.

"गेटवरून जाताना काय म्हणाला होता तो?"

"येतो रं."

"मग? आला." आणि त्या बसल्या, अर्ध्याच खुर्चीवर, कडेला, बसमध्ये शेजाऱ्याला जागा ठेवून बसतात तशा.