हौदातल्या शिंगट्या

भुकूममध्ये खोली घेताना घरमालकीणबाईंनी एकच अट घातली. "आमचं माळकरी घर हाय. मासळी-मटण न्हाई चालायचं बघा." मी भंडाऱ्याची, तळ्यातल्या माशांवर वाढलेली, पण अशी हवेशीर खोली आणि इतकी मायाळू माणसं पुन्हा कुठे मिळणार? जिभेला गप्प बसवलं आणि हो म्हटलं.

एका रविवारी कासारसाईच्या धरणावर गेले, तर काठावर एक जण जिवंत शिंगट्या मासे विकत होता. वीतभर लांब, अंगाला खवले नाहीत, लांब मिशा, आणि धरायला जावं तर हातात घुसतील असे काटे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हिंजवडीतल्या मैत्रिणीला फोन करून तिच्याकडे रस्सा करायचं ठरवलं. त्याच्याकडे उरलेल्या दोन शिंगट्या पाण्याच्या पिशवीत घेतल्या, वाटेत आलं-लसूण-कोथिंबीर घेतली, आणि पोहोचते तर दाराला कुलूप! बाईसाहेबांना ऑफिसातून अचानक बोलावणं आलं होतं.

टाकून द्यायला जीव होईना. गुपचूप घरी आणून बादलीत सोडल्या. तेवढ्यात मालकीणबाई गळका नळ बघायला वर आल्या आणि बादलीपाशीच थबकल्या. गेली खोली!

"अगं बया, मिशावाल्या! पाळाय आनल्यात व्हय?"

मासा खायला आणला असेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. मी पटकन मान डोलावली. त्यांनी हाक मारली तसे मालक, या वयात, धावतच जिना चढून आले. "बादलीत कुटं जगत्यात? हौदात सोडू."

म्हैस विकल्यापासून परसातला हौद कोरडाच होता. तो भरला. शिंगट्या तिथे रमल्या आणि मालक त्यांच्याहून जास्त रमले. रोज संध्याकाळी हौदाच्या कठड्यावर बसून भाकरी कुस्करून टाकायचे, माळ घालायच्या आधी मुळा नदीत शिंगट्या कशा धरायचे ते सांगायचे, आणि चवीपाशी आले की विषय बदलायचे.

परवा मला राहवलं नाही. "काका, कशा लागायच्या हो?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. "लई झ्याक," ते हळूच म्हणाले. "त्या दिशी तू जिना चढताना तुज्या पिशवीतली कोथिंबीर बघितली व्हती मी."

मी चाटच पडले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ह्या मिशावाल्या हितं आल्या असत्या व्हय?"

त्यांनी अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघं आपापल्या वाटणीच्या शिंगटीला जेवू घालत बसलो.